येऊरचा वळसा

रविवारच्या फेरीत पहिल्या अर्ध्या तासात कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, पुढे काय आहे?" या प्रश्नाचा मला कधी कंटाळा आला नाही. आपल्याकडे डोंगर चढायचा तो गडासाठी. माहुलीवर दरवाजा आहे, पाण्याची टाकी आहेत. मलंगगडाला सुळका आहे. अगदी लहानशा टेकडीवर निदान एखादं देऊळ तरी असतं. तिथे पोचायचं, दम खायचा, डबे उघडायचे, फोटो काढायचे आणि उतरायला लागायचं. येऊरच्या आमच्या वाटेला यातलं काहीच नाही. ती पाड्याजवळून निघते, ओढा ओलांडते, कारवीच्या दाटीतून सोंडेवर चढते, सागाच्या रानातून उतरते आणि पुन्हा त्याच पाड्याशी येऊन मिळते. पाच-सहा किलोमीटरचा वळसा, निवांत चाललं तर तीन तासांचा. जाऊन पोचावं असं ठिकाण त्यात कुठेच नाही. ही गोष्ट लोकांच्या डोक्याला आणि त्यांच्या पायांना पटवून देणं हेच माझं काम.

मी माजिवड्याची. गावठाणात वाढले, ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर या फेऱ्यांना वेळ द्यायला लागले. माजिवडा म्हटलं की आज लोकांच्या डोळ्यांपुढे नाका येतो. मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती मार्ग, नाशिकला जाणारा महामार्ग, वळण घेऊन जाणारा घोडबंदर रस्ता, कापूरबावडीवरून बाळकुम-भिवंडीकडे निघणारा जुना आग्रा रोड, उड्डाणपूल आणि आता मेट्रो चारची मार्गिका. या सगळ्यात उभं राहून पश्चिमेला मान वळवली की इमारतींच्या फटीतून येऊरचा डोंगर दिसतो. माझ्या लहानपणी तो अख्खा दिसायचा. आमच्या जुन्या घराच्या आतल्या भिंती कुडाच्या होत्या. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि वरून शेणमाती लिंपायची. ती कारवी याच डोंगरातली. गावातल्या बायका सरपणाला तिकडेच जायच्या. पाऊस येणार की नाही हेसुद्धा म्हातारी माणसं डोंगराकडे बघून सांगायची.

आता माझ्या फेऱ्यांना येणारी बरीच मंडळी उंच इमारतींत राहतात. डोंगर त्यांना गॅलरीतून रोज दिसतो, पण मुलांना 'नॅशनल पार्क' दाखवायचं म्हटलं की ते घोडबंदर रस्त्याच्या कोंडीतून बोरिवलीला जातात. म्हणून मी आधी नकाशा काढते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याचा निम्म्याहून अधिक भाग ठाणे जिल्ह्यात येतो. ते टिकलं यामागे मोठं कारण पाण्याचं. विहार तलाव १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली. मुंबईला पाणी पाजायचं तर त्या तलावांवरचे डोंगर झाडांनी झाकलेले हवेत, म्हणून हा पाणलोट राखला गेला. याच डोंगरांतून निघणारी चेना नदी उत्तरेला वाहत जाऊन वसईच्या खाडीला मिळते. गॅलरीतून दिसणारा तो हिरवा पट्टा म्हणजे याच राष्ट्रीय उद्यानाची पूर्वेची बाजू, हे कळल्यावर लोकांचे चेहरे बदलतात. कापूरबावडी, पोखरण रोड नंबर दोन, उपवन, वनखात्याचा नाका आणि वर येऊर. सकाळच्या वेळी माजिवड्याहून अर्धा तास लागत नाही.

फेरीचं काम आदल्या दिवशीच सुरू होतं. वनखात्याची परवानगी, येणाऱ्यांची यादी, कुणाला दम्याचा किंवा गुडघ्याचा त्रास आहे का याची चौकशी. पंधरा-वीस माणसांच्या वर मी घेत नाही. रांग लांबली की मागच्याला पुढचं बोलणं ऐकू जात नाही आणि मग तो आपसांत बोलायला लागतो. पुढे एक वाटाड्या, शेवटी एक जाणता माणूस, आणि त्या शेवटच्या माणसाच्या मागे कुणीही राहायचं नाही. कपडे मातकट किंवा हिरवे, पायांत पकड असलेले बूट, जवळ दोन लिटर पाणी. गाणी वाजवायचा स्पीकर घरी ठेवायचा, अत्तरही घरी.

वाट तशी मध्यम. चढ फार नाही. अख्ख्या उद्यानातली सर्वांत उंच जागाच पाचशे मीटरच्या आत आहे आणि आम्ही तिच्या आसपासही जात नाही. दमवतो तो दमटपणा. जूनच्या पहिल्या आठवड्यात वारा पडलेला असतो आणि अंगावरचा घाम वाळतच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्रास वेगळा. सागाची ताटाएवढी पानं गळून घसाऱ्यावर पसरलेली असतात, खाली खडी आहे की खड्डा ते दिसत नाही. रोज व्यायामशाळेत जाणारी मुलं इथे सपासप निघतात आणि पहिल्या उतारावर घसरतात. साडीवर बूट चढवून आलेल्या काकू मात्र पाऊल लहान टाकतात, टाच आधी टेकवतात, आणि शेवटपर्यंत त्यांचा श्वास चढत नाही. अशा काकू भेटल्या की मी त्यांना रांगेत पुढे घेते. त्यांच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. वेग ठरवायची याहून चांगली रीत मला सापडलेली नाही.

दुसरा ठरलेला विषय बिबट्याचा. इथे मी घाई करत नाही, कारण भीती खरी आहे आणि तिला कारणही आहे. २००४ साली उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये बिबट्यांनी माणसं मारली. ती धास्ती ठाणे-मुंबईच्या डोंगरालगतच्या घरांत अजून आहे. त्या काळात बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा आणि दूर नेऊन सोडायचा, हाच उपाय समजला जायचा. विद्या अथ्रेया यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासातून पुढे आलं की असं हलवलेलं जनावर नव्या जागी बिथरतं आणि संघर्ष वाढतो. २०११ मध्ये वनखात्यानं त्यांच्यासारख्या अभ्यासकांना आणि नागरिकांना सोबत घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. वस्त्यांमध्ये कचरा उचलला गेला तर कुत्री कमी होतील, कुत्री कमी झाली तर बिबट्या दारापर्यंत येणार नाही, मुलांनी अंधारात एकटं शौचाला जाऊ नये, अशा साध्या गोष्टी घरोघर सांगितल्या गेल्या. २०१५ मध्ये कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत उद्यान आणि आसपासच्या भागात ३५ बिबटे आढळले, २०१८ मध्ये ४७. इतक्या मोठ्या शहराच्या मधोमध इतके बिबटे राहतात आणि बहुतेक दिवशी कुणालाही काही होत नाही. हे ज्यांच्यामुळे जमलं त्या सगळ्यांबद्दल मला फार आदर वाटतो.

फेरीत बिबट्या दिसत नाही आणि मी तो दाखवायचं कबूलही करत नाही. वाटेवर त्याची विष्ठा मात्र दिसते. वाळून पांढरी पडलेली, पिळाची, टोकाशी निमुळती, आत केस. मी सगळ्यांना खाली बसवते. काडीनं उलगडून केस दाखवते, कधी खुराचा तुकडा निघतो, कधी नखाचा. कुणी नाक मुरडत नाही. बसल्याबसल्या मुलं विचारतात ते प्रश्न वर्गात मला कुणी विचारले नव्हते. तो वाटेच्या मधोमधच का बसला? कारण वाट त्याचीही आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्या दुसऱ्या बिबट्याला त्याला तसं कळवायचं आहे. आपण ज्या मळलेल्या वाटेनं आलो, तिनेच तो रात्री गेला. हे कळल्यावर रांग आपोआप शांत होते.

पाड्यावरच्या लोकांना यातलं काहीही नव्यानं शिकवावं लागत नाही. येऊरच्या डोंगरात पाटोणापाडा, जांभूळपाडा, रोणाचा पाडा अशा आदिवासी वस्त्या आहेत. वारल्यांचा वाघोबा हा देव आहे. त्याच्यात पट्ट्याचा वाघही आला आणि बिबट्याही. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते. देव म्हटल्यावर त्याला थोडं भ्यायचं, त्याच्या वेळेला त्याच्या वाटेत जायचं नाही, आणि तो आहे म्हणून घर सोडूनही जायचं नाही. उपक्रमाच्या पत्रकांतून जे सांगितलं गेलं त्यातलं बरंचसं या एका देवाच्या मानपानात आधीपासून होतं.

एकाच वळशावर वर्षभर फिरल्याचा फायदा असा, की ती वाट दर महिन्याला वेगळी असते हे डोळ्यांना कळतं. मार्चमध्ये सोंडेवरून उतरताना सगळं रान उघडं पडलेलं असतं. कांडोळाची गुळगुळीत पांढरी खोडं लांबून चमकतात. पळस, पांगारा, काटेसावर पानाविना फुललेले. आणि ओढ्याच्या काठचा कुसुम फुलावाचून लाल, कारण त्याची कोवळी पालवीच त्या रंगाची. नवीन आलेले लोक त्याला फूल समजतात. जवळ नेऊन पान हातात दिलं की खूश होतात. वनखातं या दिवसांत जाळरेषा काढतं, वाटेच्या दोन्ही कडांचं वाळकं गवत जाळून मोकळा पट्टा ठेवतं, म्हणजे एक ठिणगी पडली तरी वणवा पलीकडे जाऊ नये. मेच्या शेवटी संध्याकाळी काजवे दिसू लागतात. पावसाच्या तोंडावर नवरंग येतो आणि त्याची दोन सुरांची शीळ पहाटेपासून ऐकू येते. तो दिसेलच असं नाही. जमिनीवर पाला उलटत फिरणारा पक्षी. सगळे वर बघत असतात आणि तो पायांजवळून उडतो.

पहिला पाऊस पडायच्या आत जमिनीतून शेवळं वर येतात. पान नाही, देठ नाही, थेट मातीतून वर आलेला तपकिरी कोंब. पाड्यावरच्या बायका पहाटे रानात जाऊन ती गोळा करतात आणि ठाण्याच्या बाजारात टोपली घेऊन बसतात. शेवळांच्या जुड्यांसोबत काकडं ठेवलेली असतात, ती आंबट हिरवी फळं. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. काकडांच्या आंबटपणानं खाज मोडते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण कोंबाचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा आणि वरचाच घ्यायचा, रानातून काढताना कंद हलवायचा नाही, एका जागेची सगळी घ्यायची नाहीत, हे मला पाड्यावरच्या एका मावशींनी शिकवलं. "बाय, पुढल्या साली परत यायचंय ना हिथंच," असं त्या म्हणाल्या आणि शेजारचे दोन कोंब तसेच ठेवून पुढे गेल्या. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कितीतरी घरांत जूनमध्ये शेवळाची भाजी किंवा खिमा होतो. ती खाणाऱ्यांनी एकदा तरी तो कोंब मातीतून वर येताना पाहावा, असं मला मनापासून वाटतं. म्हणून जूनची फेरी मी चुकवत नाही, पाऊस असो वा उकाडा.

पण या वाटेचं खरं वैभव कारवी. ती दर आठ वर्षांनी एकदाच फुलते. २००८ मध्ये फुलली, २०१६ मध्ये फुलली, २०२४ मध्ये फुलली. मधल्या वर्षांत पावसाळ्यात तिला खरखरीत हिरवी पानं येतात, उन्हाळ्यात नुसत्या काटक्या उभ्या राहतात आणि माणसं तिला झुडपाची गर्दी समजून पुढे जातात. फुलायच्या वर्षी पावसाळा सरताना डोंगराचा डोंगर जांभळा होतो. मधमाश्यांचा घुमारा इतका असतो, की सोंडेवर बोलायला आवाज चढवावा लागतो. मग बोंडं धरतात, झाड मरतं, बोंडं तडकून बी उडतं आणि पुढच्या पावसात रोपांची लव उगवते. २०२४ च्या फेऱ्यांना माझ्याकडे जागा पुरली नाही. तेव्हा आलेले पुष्कळ जण पुन्हा आले नाहीत, याचं मला वाईट वाटतं, कारण बघण्याजोगं खरं तर त्यानंतरच सुरू झालं. आता त्याच सोंडेवर मेलेल्या काठ्यांच्या मधून नवी रोपं उभी आहेत. एका मुलीनं हिशेब केला: पुढची फुलं २०३२ मध्ये, म्हणजे तिची बारावी तोवर झालेली असेल. तिनं एक रोप निवडलं आणि शेजारच्या दगडाचा फोटो काढून ठेवला. ती आईसोबत अधूनमधून येते आणि त्या दगडापाशी थांबून रोप बघते. माझ्या संपूर्ण शिकवण्यात इतका लांबचा अभ्यास मी कुणाला लावू शकले नव्हते.

चढ संपता संपता एक वळण आहे. तिथवर घोडबंदर रस्त्याचा घरघराट मागून येत असतो, इतका सवयीचा की तो आहे हे कुणाला जाणवत नाही. ते वळण ओलांडलं की डोंगर मध्ये येतो आणि आवाज तुटतो. इथे मी पाच मिनिटं सगळ्यांना बसवते. काहींना ती पाच मिनिटं जड जातात, हात खिशातल्या फोनकडे जातात. मग कुणीतरी सर्पगरुडाची ओरड ओळखतं, कुणाला ओढ्याचं पाणी ऐकू येतं. परतीच्या वाटेवर हेच लोक पुढे काय आहे ते विचारत नाहीत. हे काय आहे, ते काय आहे, असं विचारतात. त्या बदलासाठी मी हे काम करते.

पण ते वळण दरवर्षी थोडं थोडं आत सरकतं आहे. येऊरमध्ये बंगले, हॉटेलं, खेळाची टर्फं वाढली. शनिवारी रात्रीचं संगीत आणि दिव्यांचे झोत रानात लांबवर पोचतात. निशाचर प्राण्यांसाठी अंधार हीच राहायची जागा असते. त्यावर झोत टाकणं म्हणजे ती काढून घेणं. याविरुद्ध ठाण्यातले नागरिक न्यायालयापर्यंत गेले आहेत आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. फेरीला येणाऱ्यांच्याही पायांनी नुकसान होतं, हे मी पहिल्याच थांब्यावर सांगते. पावसात चिखल टाळायला माणसं वाटेच्या कडेनं चालतात, कडेची रोपं तुडवली जातात, दोन पावसाळ्यांत एका पायवाटेची गाडीवाट होते आणि माती ओढ्यात उतरते. म्हणून आम्ही चिखलातून, वाटेच्या मधूनच चालतो. बूट भरतात. भरू देत.

आणि आता डोंगराच्या पोटातून बोगदा निघाला आहे. टिकुजिनीवाडीपासून बोरिवलीच्या मागाठाण्यापर्यंत ११.८ किलोमीटरचा जुळा मार्ग. जुलै २०२४ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. अंतर सुमारे बारा किलोमीटरनं आणि वेळ तासाभरानं वाचेल असं सरकारनं सांगितलं आहे. घोडबंदर रस्त्यावर रोज दोन-तीन तास घालवणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना तो हवा आहे आणि मी त्यांच्याशी भांडत नाही. रुग्णवाहिका त्या रस्त्यावर अडकलेली मी पाहिली आहे. माझं म्हणणं एवढंच, की खालून कितीही लवकर पलीकडे जाता आलं तरी वरच्या रानातल्या झऱ्यांचं पाणी दर उन्हाळ्यात मोजलं जावं आणि ते आकडे सगळ्यांना बघायला मिळावेत. आमच्या वाटेवरचा ओढा कुठल्या आठवड्यात आटतो याची नोंद मी वहीत ठेवते. ती कुणालाही देईन.

हल्ली रांगेच्या पुढे मी नसते. पाड्यावरची दोन तरुण मुलं पुढे चालतात, मी शेवटी. झाडांची शास्त्रीय नावं त्यांनी माझ्याकडून घेतली. ठसा ताजा की कालचा, माकडाची हाक बिबट्यासाठी की आपसांतल्या भांडणाची, हे मी त्यांच्याकडून घेतलं. फेरीच्या शुल्कातला मोठा वाटा त्यांना जातो आणि तो तसाच जायला हवा, कारण ही वाट त्यांच्या आया-आज्यांच्या पायांनी मळलेली आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्यातला एक मला म्हणाला, "मॅडम, सागाच्या उतारावर सर्पगरुडानं घरटं केलंय. आपली माणसं खाली थांबली की मादी उठते." त्या दिवशी आलेली मंडळी जरा नाराज झाली, कारण तोच उतार फोटोंसाठी सगळ्यांना आवडतो. आम्ही त्यांना ओढ्याच्या कडेनं, दगडांवरून, लांबच्या वाटेनं आणलं. पिल्लू उडून जाईपर्यंत उतार बंद ठेवायचा असं दोघांनी ठरवलं आणि मी फेरीच्या कागदावर नवा वळसा काढून दिला. त्याला अर्धा तास जास्त लागतो, सावली चांगली आहे, आणि एका जागी हात धरून उतरावं लागतं.